झोप लावणारा फादर

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. झग्यातला पाद्री हात पुढे करून उभा, आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा काहीतरी जादूटोणा करतोय. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला हा पुतळा १९४५ चा, आणि तो पाद्री म्हणजे आबे फारिया. आपल्यातले बरेच जण त्याला काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टोमधला तुरुंगातला म्हातारा म्हणून ओळखतात. ड्यूमाने नाव उचललं आणि माणसाला इटालियन करून टाकलं. खरा फारिया बार्देशातला.

जुझे कुस्तोदियो द फारिया १७५६ मध्ये कांदोळीला जन्मला. आईवडिलांचं पटलं नाही. वेगळे झाल्यावर वडील, काएतान व्हितोरिनो, पाद्री झाले आणि आई, रोझा मारिया, जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या मठात गेली. असं घर आजही आपल्या पॅरिशमध्ये वर्षभर चर्चेला पुरलं असतं! १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन लिस्बनला गेले. पुढे रोममध्ये ईश्वरशास्त्र शिकून १७८० मध्ये मुलालाही दीक्षा मिळाली.

गोव्यात एक गोष्ट सगळे सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिल्यावर तरुण फारियाची बोबडीच वळली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं की समोर बसलेत ती सगळी भाजी आहे, कापून काढ. आणि तो बोलत सुटला. एका वाक्यासरशी त्याची भीती गेली, पुढच्या आयुष्याची सगळी बीजं मला यातच दिसतात.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा कट उघडकीला आला. गोवेकर पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या, हा राग त्यामागे होता. संशय लिस्बनमधल्या वडिलांपर्यंत पोचला. १७८८ मध्ये फारिया पॅरिसला निघून गेला.

पॅरिसमध्ये तेव्हा मेस्मरचा बोलबाला होऊन गेलेला. त्याच्या मते एक अदृश्य चुंबकीय द्रव शरीरात वाहतो आणि उपचार करणारा तो वळवतो. १७८४ मध्ये राजाच्या चौकशी समितीने (तीत बेंजामिन फ्रँकलिनही होता) निकाल दिला की द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनाशक्तीची करामत. झालं, विषय संपला. फारियाने मात्र नेमका तिथूनच धागा उचलला: कल्पनेने एवढं घडत असेल, तर कल्पनाच तपासायला हवी.

१८१३ मध्ये त्याने पॅरिसमध्ये जाहीर वर्ग सुरू केले. फी पाच फ्रँक. माणसाला खुर्चीत निवांत बसवायचं, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचं, आणि मग मोठ्याने झोपण्याचा हुकूम द्यायचा. त्याचं सांगणं असं की माझ्यात कसलीही शक्ती नाही. जे होतं ते झोपणाऱ्याच्या आत होतं. बघा, जादूगार म्हणवून घेऊन तो पैसा करू शकला असता.

लोकांना हे पचलं नाही. धार्मिकांना त्यात सैतान दिसला, १८१६ मध्ये त्याची टिंगल करणारं नाटक रंगभूमीवर आलं, एका नटाने झोपेचं सोंग करून त्याला तोंडघशी पाडलं. वर्ग बंद पडले. शेवटी तो एका मठात चॅप्लिन होता. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. थडग्याची खूणही उरली नाही.

त्याचं चरित्र १९२५ मध्ये लिहिलं ते एगास मोनिझ या पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञाने. याच मोनिझने १९२७ मध्ये मानेतल्या धमनीत औषध सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे घेतले. १९३५ पासून त्याने मानसिक रुग्णांच्या मेंदूतले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९४९ मध्ये तिच्यासाठी त्याला नोबेल मिळालं. पुढे अनेक देशांत या शस्त्रक्रियेने कितीतरी माणसं निव्वळ पोकळ होऊन गेली. केवळ शब्दांनी काम करणाऱ्या माणसाचं चरित्र लिहिणाऱ्याने हे करावं, याचा मला अजून राग येतो.

आता मेंदू बघायला सुई लागतेच असं नाही. मागच्या वर्षी इथे हैदराबादेत माझ्या आजीचा एमआरआय झाला. आजोबा गेल्यापासून ती गप्प गप्प असायची, विसरायचीही. म्हातारपणी नैराश्यसुद्धा विस्मरणासारखं दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना दोन्ही शक्यता तपासायच्या होत्या. रोझरीला धातूची साखळी, ती बाहेर ठेवावी लागली. आजी बोटांवर नमो मारिया मोजत आत गेली.

आजीची ती तपासणी मेंदूची रचना दाखवणारी. फंक्शनल एमआरआय मात्र कुठला भाग आत्ता कामाला लागलाय ते रक्तातल्या प्राणवायूवरून टिपतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सिनेमा दाखवला. आठवड्याने मशीनमध्ये संमोहित करून सांगितलं की ठरलेली खूण मिळेपर्यंत तो विसरा. ज्यांना संमोहन सहज लागत होतं ते सिनेमा खरंच विसरले, पण तो कुठल्या खोलीत पाहिला ते त्यांना आठवत होतं! मेंदूच्या काही भागांतली हालचाल मंदावली होती, कपाळामागच्या एका भागात वाढली होती. खूण मिळाली आणि सिनेमा परत आला.

सगळ्यांना अशी झोप लागत नाही, हे फारियालाही माहीत होतं. ज्यांचं रक्त पातळ त्यांना ती लागते, असं कारण त्याने दिलं होतं. ते चुकलं. काहींनाच ती का लागते, ते आज या मशीनमध्ये शोधलं जातंय.