गुलाम ते वजीर : मलिक अंबर

ज्यूल व्हर्न यांची १८७८ ची पंधरा वर्षांच्या कप्तानाची कादंबरी रशियन मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली. आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार त्यांना तीतून कळला. नायक मात्र गोराच राहिला. आपल्या मराठवाड्याजवळ याहून थोर, आणि खरी, कथा आहे.

सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेला चापू बालपणीच विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला. त्याला विकत घेणारे निजामशाहीचे पेशवे चंगीझखान स्वतःही पूर्वाश्रमीचे गुलामच. धनी वारल्यावर मुक्त झालेला हा मलिक अंबर. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवून त्यांनी राज्य सावरले. १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. नहरीने पाणी आणले. जमिनीची प्रत पाहून सारा बांधला. त्यांच्या फौजेत मराठे स्वार होते, तसेच विकत घेतलेले हबशीही होते; इतिहासाने हे लपवू नये. १६२४ मध्ये भातवडीला त्यांनी मोगल व आदिलशाही फौजा उधळल्या.

जहांगीराला त्यांचे मस्तक कधीच मिळाले नाही. त्याने ते चित्रात काढवून घेतले आणि त्या चित्रातच त्यावर बाण सोडला!

अंबर १६२६ मध्ये वार्धक्याने गेले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायला जाणाऱ्या आपल्या मुलांना खुलताबादेतील त्यांची कबर वाटेतच दाखवता येईल.