डी. डी. पामर : एका मणक्यावरून सगळ्या आजारांपर्यंत



मागच्या पालकसभेनंतर तिसरीतल्या एका मुलीचे वडील थांबले. त्यांनी मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस लहान मुलाची मान दोन्ही हातांत धरतो, हळूच वळवतो आणि कटकन आवाज येतो. शेजारी उभी असलेली आई हसते. लिहून लिहून पोरीची मान दुखते, तर हे असं करून घ्यावं का, असं ते विचारत होते. मला लगेच उत्तर देता आलं नाही. केस कापून झाले की न्हावीदादा मान मोडून देतात, एवढंच मला माहीत होतं. पण याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, त्याची कॉलेजं आहेत, अमेरिकेत विमासुद्धा मिळतो, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणून वाचायला बसले आणि ज्याने हे सगळं सुरू केलं त्या माणसाच्या गोष्टीत अडकले. गंमत म्हणजे तोही काही वर्षं शाळामास्तरच होता.

डॅनियल डेव्हिड पामर यांचा जन्म ७ मार्च १८४५ रोजी कॅनडात, टोरोंटो शहराजवळ झाला. घरची परिस्थिती बेताचीच. १८६५ साली, म्हणजे विसाव्या वर्षी, ते भावाबरोबर पोटापाण्यासाठी अमेरिकेत आले. तिथे त्यांनी आयोवा आणि इलिनॉय या राज्यांत खेड्यातल्या शाळांवर शिकवलं. पुढे मिसिसिपी नदीच्या काठी जमीन घेऊन रासबेरीची बाग लावली आणि मधमाश्या पाळल्या. मधाचा धंदा चांगला चालला होता, पण एका कडक हिवाळ्यात माश्या मेल्या आणि तोही बसला. मग किराणा दुकान टाकलं. १८८२ साली मुलगा झाला, त्याचं नाव बार्टलेट जोशुआ. पुढे सगळे त्याला बी. जे. म्हणू लागले. हे नाव लक्षात ठेवा, कारण बापाची गोष्ट या मुलाशिवाय पुरी होत नाही.

आता हा मास्तर, माळी, दुकानदार माणूस वैद्य कसा झाला? त्या काळची अमेरिका डोळ्यासमोर आणली तर उत्तर सापडतं. डॉक्टर होते, पण त्यांच्याकडे उपाय फार थोडे होते. पाऱ्याची औषधं, जुलाब, अफूमिश्रित बाटल्या असं बरंच काही दिलं जाई आणि रोगी कधीकधी औषधानेच खंगत असे. साहजिकच लोक दुसरीकडे वळत. त्यात चुंबकीय उपचार करणारे होते. आपल्या हातांतून एक शक्ती वाहते आणि ती रोग्याच्या अंगात जाते, असं ते मानत. पामर यांनी हाच मार्ग धरला आणि १८८७ च्या सुमारास आयोवातल्या डॅव्हनपोर्ट शहरात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दवाखाना थाटला. गर्दी चांगली होऊ लागली. माणूस बोलका, दाढीवाला, रुबाबदार होता. शिवाय तो कडू औषध देत नव्हता आणि कापाकापी करत नव्हता. लोकांना आणखी काय हवं?

मग १८ सप्टेंबर १८९५ हा दिवस आला. कायरोप्रॅक्टिकवाले आजही हा दिवस आपला जन्मदिवस म्हणून पाळतात. इमारतीची साफसफाई करणारे हार्वी लिलार्ड नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ सतरा वर्षांपासून जवळजवळ बहिरे होते. पामर यांनी लिहून ठेवलं आहे ते असं : वाकून अवघडलेल्या अवस्थेत काम करताना लिलार्ड यांच्या पाठीत काहीतरी सटकलं होतं आणि तेव्हापासून ऐकू येणं गेलं होतं. पामर यांनी पाठ तपासली, एक मणका जागेवरून हललेला दिसला, त्यांनी तो हाताने दाबून बसवला आणि लिलार्ड यांना ऐकू येऊ लागलं. लिलार्ड यांच्या मुलीने मात्र पुढे वेगळी हकिगत सांगितली. तिच्या म्हणण्याप्रमाणे हसण्याखिदळण्यात पामर यांनी तिच्या वडिलांच्या पाठीवर पुस्तक मारलं आणि त्यानंतर वडिलांना ऐकण्यात फरक जाणवला.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गोष्ट या एका जागेवर उभी आहे. ऐकण्याची नस आतल्या कानातून थेट मेंदूत जाते, ती पाठीच्या मणक्यांमधून जात नाही. त्या दिवशी लिलार्ड यांचं ऐकणं आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हे कुणी मोजलेलं नाही. कदाचित थोडा फरक पडलाही असेल, कसा ते आज कोण सांगणार? पण पामर यांनी त्यावरून जी उडी घेतली ती मोठी होती. दुसऱ्या एका रोग्याच्या हृदयाच्या तक्रारीतही पाठ दाबल्यावर आराम पडला, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ठरवलं की शंभरातले पंचाण्णव आजार मणके सरकल्यामुळे नसा दबून होतात आणि उरलेले पाच इतर सांध्यांमुळे. आपल्या वर्गातलं मूल दोन उदाहरणं सोडवून नियम सांगायला लागलं तर आपण त्याला तिसरं उदाहरण देतो. पामर यांच्यासमोर तिसरं उदाहरण ठेवणारा कुणी नव्हता, आणि असता तरी त्यांनी ते ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

सॅम्युएल वीड नावाचे पाद्री त्यांचे स्नेही आणि रोगी होते. त्यांनी हात आणि कृती या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून कायरोप्रॅक्टिक हे नाव सुचवलं. म्हणजे हाताने करायचं काम. १८९७ साली पामर यांनी शाळा काढली. सुरुवातीला विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. शिक्षण काही महिन्यांत संपायचं. मुलगा बी. जे. १९०२ साली तिथूनच बाहेर पडला. वडील कर्जात बुडाले होते, शहर सोडून कधी इकडे कधी तिकडे जात होते, आणि शाळा हळूहळू मुलाच्या हातात गेली.

परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली पामर यांना शिक्षा झाली. त्यांनी आधी दंड भरायला नकार दिला आणि तुरुंगात गेले. २३ दिवसांनी दंड भरून ते बाहेर आले. त्यांच्या अनुयायांना हा त्याग वाटला, डॉक्टरांना हा कायद्याचा भंग वाटला. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, असं मला वाटतं. परवान्याचा कायदा रोग्याचं रक्षण करतो, आणि तोच कायदा डॉक्टरांच्या धंद्याचंही रक्षण करतो. तुरुंगातून आल्यावर बापलेकांत वाटणी झाली. शाळा मुलाने ठेवली, बापाला थोडे पैसे आणि काही पुस्तकं मिळाली. ज्या माणसाने एक पंथ उभा केला तो पुन्हा एकदा किराणा दुकान चालवू लागला, ओक्लाहोमामध्ये. पुढे त्यांनी आणखी शाळा काढून पाहिल्या. १९१० साली जवळजवळ हजार पानांचं जाडजूड पुस्तक लिहिलं. कायद्याच्या तावडीतून सुटण्यासाठी कायरोप्रॅक्टिकला धर्म म्हणून जाहीर करावं का, हाही विचार त्यांच्या मनात घोळत होता.

पुढची नोंद मला सगळ्यात जास्त खटकते, पण ती सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. पामर लसीकरणाच्या विरोधात होते. देवीची लस म्हणजे शरीरात विष घालणं, असं ते मानत. सगळं मूळ मणक्यात असेल तर जंतूंना महत्त्व कशाला द्यायचं? लिलार्ड यांच्या पाठीवर हात ठेवण्याच्या पंधरा वर्षं आधी, १८८० साली, विषमज्वराचा जंतू शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. विषमज्वराची लस १८९६ पासून होती, आणि १९११ साली अमेरिकी सैन्यात ती सक्तीची झाली होती.

१९१३ च्या ऑगस्टमध्ये पामर डॅव्हनपोर्टला आले. शाळेच्या मिरवणुकीत पुढे चालण्यावरून बापलेकांत खटका उडाला. मुलाने मोटार वडिलांच्या अंगावर घातली, असाही आरोप झाला. २० ऑक्टोबर १९१३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पामर वारले. नोंदीत कारण लिहिलं आहे ते विषमज्वर, म्हणजे टायफॉइड. दूषित पाण्यातून आणि अन्नातून होणारा, शंभर टक्के जंतूंचा आजार. ते ६८ वर्षांचे होते.

त्याच वर्षी कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टिकला परवाना देणारा पहिला कायदा केला. एकेक राज्य मागून येत गेलं आणि शेवटचं लुइझियाना १९७४ साली आलं. मधली साठ वर्षं खटल्यांची होती. १९०७ साली विस्कॉन्सिनमध्ये एका कायरोप्रॅक्टरच्या वकिलाने कोर्टात मांडलं की ही वैद्यकी नाहीच, हा वेगळाच व्यवसाय आहे, आणि आरोपी सुटला. त्यानंतर या मंडळींनी शब्दही वेगळे वापरायला सुरुवात केली. उपचार न म्हणता समायोजन म्हणायचं, निदान न म्हणता विश्लेषण म्हणायचं. बी. जे. धंद्यात बापापेक्षा कितीतरी हुशार निघाला. त्याने एक्स-रे आणला, रेडिओ केंद्र चालवलं, शाळा प्रचंड वाढवली. दुसरीकडे डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासदांना कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवायला मनाई केली. त्यावर १९७६ मध्ये खटला झाला आणि १९८७ साली कोर्टाने असोसिएशनने बेकायदा बहिष्कार घातल्याचं ठरवलं. यावरून कुणी कायरोप्रॅक्टिक खरं ठरलं असं म्हणतं, पण कोर्टाने एवढंच सांगितलं की धंद्यात असा बहिष्कार घालता येणार नाही.

आता विम्याकडे येऊ, कारण त्या पालकांचा खरा भर तिथेच होता. सरकार पैसे देतं म्हणजे ते खरंच असणार, असं त्यांना वाटत होतं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. १९७२ च्या कायद्याने त्यात कायरोप्रॅक्टिक आलं, अंमल १९७३ पासून झाला. पण काय आलं ते बघा : फक्त पाठीचा कणा हाताने बसवणं. सुरुवातीला तर मणका सरकल्याचा पुरावा एक्स-रेवर दाखवावा लागे, ती अट २००० सालापासून गेली. कायरोप्रॅक्टरने सांगितलेला एक्स-रे, मालीश, इतर उपचार यांचे पैसे तो विमा देत नाही. सुधारणा थांबली आणि रोगी नुसता दर महिन्याला जात राहिला, तर तेही मिळत नाहीत. वर्षाची ठरलेली रक्कम आधी स्वतः भरायची आणि नंतरही प्रत्येक वेळी वीस टक्के खिशातून द्यायचे. खाजगी विमा कंपन्याही बहुधा वर्षाला अमुकच भेटी, अशी मर्यादा घालतात. म्हणजे पामर यांच्या पंचाण्णव टक्के आजारांपैकी विम्याच्या कागदावर उरला तो पाठीचा कणा. आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये तर बहुतेक वेळा दवाखान्यात भरती झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, त्यामुळे असल्या बाहेरच्या बाहेर केलेल्या उपचाराचा खर्च आपल्याच अंगावर पडतो. पॉलिसीचा कागद एकदा काढून वाचा, बारीक अक्षरातला भागसुद्धा.

आणि उपयोग होतो का? कंबरदुखीत थोडा होतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ साली कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी जे उपाय करून पाहायला सांगितले, त्यात शेक, मालीश यांच्याबरोबर मणके हाताने बसवणंही आहे. आणि त्यांनीच हेही सांगितलं आहे की नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेक वेळा काही न करताही काही आठवड्यांत कमी होते. दमा, कानदुखी, बाळाचं रडणं यांच्यावर हा उपाय चालतो, याला भक्कम पुरावा नाही. तो कटकन आवाजसुद्धा हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होताना तो होतो, बोटं मोडताना होतो तसाच. हे मी वर्गात बोटं मोडून दाखवलं, पोरं खूश झाली.

मानेचं मात्र वेगळं आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने फिरवली तर क्वचित त्या आतून फाटतात आणि पक्षाघात होऊ शकतो. असं फार कमी वेळा होतं, पण लहान मुलाच्या मानेवर हा जुगार कशाला? न्हावीदादांनाही मी आता मान मोडू देत नाही म्हणायला घरच्यांना सांगितलं आहे. ते हसतात, हसू देत.

त्या वडिलांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. मुलीला ताप येतो का, रात्री दुखण्याने जाग येते का, हातापायाला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, हे विचारलं. यातलं काहीही असतं तर आधी डॉक्टरांकडे, असं सांगितलं. नव्हतं. मग तिच्या बसण्याची जागा पाहिली. बाक तिच्या उंचीपेक्षा बुटका होता आणि वही मांडीवर घेऊन ती लिहीत होती. दप्तर वजनकाट्यावर ठेवलं, साडेचार किलो भरलं, त्यात दोन वह्या मागच्या वर्षीच्या निघाल्या. बाक बदलला. पंधरा दिवस बघू, नाही कमी झालं तर सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहेत का ते विचारू, असं आमचं ठरलं आहे. आज सहावा दिवस आहे.