Explained: नरिमन पॉइंट ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते वीर नरिमन मुंबईचे पंतप्रधान का होऊ शकले नाहीत?

नरिमन पॉइंट सगळ्यांना माहीत आहे. पण हे नरिमन कोण होते? 1937 मध्ये मुंबई प्रांताचे नेतृत्व त्यांच्याकडे जाणार, असे अनेकांनी गृहीत धरले होते. नेमके काय झाले, जाणून घेऊया.

कोण होते नरिमन?

खुर्शेद फ्रामजी नरिमन यांचा जन्म 1883 चा. पेशाने वकील. 1920 च्या दशकात सरकारने बॅकबे येथे समुद्रात भराव टाकण्याचे काम काढले. त्यातील गैरव्यवहार नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. हार्वे या इंग्रज इंजिनीअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, पण नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष आणि शहराचे महापौर झाले.

1937 मध्ये काय घडले?

तेव्हा मुंबई प्रांतात गुजरात आणि कर्नाटकचाही भाग होता. प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत. विधानसभेच्या 175 पैकी 86 जागा काँग्रेसने जिंकल्या. बहुमताला फक्त दोन कमी. मार्चमध्ये काँग्रेस आमदारांनी नेता निवडला, तो मात्र बाळ गंगाधर खेर. राज्यपालांच्या विशेषाधिकारांवरून काँग्रेसने आधी सत्ता नाकारली आणि धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील सरकार आले. जुलैमध्ये खेर पंतप्रधान झाले.

वाद कशावरून झाला?

वल्लभभाई पटेल काँग्रेसच्या संसदीय समितीचे प्रमुख होते. त्यांनी वजन वापरून आपल्याला डावलले, असा नरिमन यांचा आरोप होता. पटेलांनी तो फेटाळला. उलट, 1934 च्या केंद्रीय निवडणुकीत नरिमन यांनी पक्षाच्या उमेदवाराला दगा दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता.

चौकशीत काय निघाले?

महात्मा गांधी आणि पारशी कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांनी दोन्ही प्रकरणे तपासली. पटेलांवरील आरोप सिद्ध झाला नाही, 1934 चा ठपका मात्र कायम राहिला. कार्यकारिणीने नरिमन यांना जबाबदारीच्या पदासाठी अपात्र ठरवले.

वाद मिटला का?

नाही. नरिमन पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. 1948 मध्ये त्यांचे निधन झाले. 1959 मध्ये मौलाना आझाद यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. नरिमन पारशी असल्यामुळे त्यांच्यावर अन्याय झाला, असे मत आझाद यांनी त्यात मांडले. आझाद स्वतः काँग्रेसच्या संसदीय समितीत होते, त्यामुळे चर्चा पुन्हा पेटली.

आज हे का महत्त्वाचे?

मुख्यमंत्री आमदार ठरवतात की दिल्लीतील पक्षश्रेष्ठी, हा प्रश्न आजही प्रत्येक निकालानंतर विचारला जातो. मुंबईत तो पहिल्याच प्रांतिक सरकारच्या वेळी उभा राहिला होता. आणि ज्यांनी भरावातील गैरव्यवहार उघड केला, त्यांचेच नाव आज समुद्रात भराव टाकून तयार झालेल्या जमिनीला आहे.