विज्ञानव्रती कमलाबाई सोहोनी

माणसाचे हृदय रात्रंदिवस आकुंचन-प्रसरण पावत असते. या अखंड श्रमासाठी लागणारी शक्ती अन्न व प्राणवायू यांच्या साहाय्याने हृदयाच्या पेशींतच निर्माण होते. सायटोक्रोम-सी नावाचे एक प्रथिन या कार्यात मोलाचा वाटा उचलते. हेच प्रथिन बटाट्यासारख्या वनस्पतीच्या पेशींतही असते, हे दाखवून देणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी होत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम यश मिळवून संपादन केल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे तेव्हा संस्थेचे संचालक होते. केवळ स्त्री म्हणून कमलाबाईंचा अर्ज नाकारण्यात आला.

कमलाबाई खचल्या नाहीत. त्या बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण त्यांनी प्रत्यक्ष विचारले. अखेर एक वर्ष काम पाहून निर्णय घेण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. ही अट अपमानकारक होती. परंतु विद्येच्या ओढीपुढे त्यांनी अपमान गिळला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा कसून अभ्यास केला. त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढे मुलींना संस्थेची दारे खुली झाली.

खानदेशात जळगाव-धुळ्याकडे ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. अशा साध्या अन्नातील कडधान्य शरीराचे पोषण कसे करते, हे कमलाबाईंच्या अभ्यासासारख्या संशोधनातूनच उलगडत गेले.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले हॉपकिन्स तेथे होते. सायटोक्रोम-सी संबंधीचे संशोधन कमलाबाईंनी तेथेच केले आणि १९३९ साली पीएच्.डी. ही पदवी मिळवली. ज्ञान परदेशी मिळवले, तरी ते मायभूमीच्या कामी यावे, या ओढीने त्या भारतात परतल्या.

दिल्ली व कुन्नूर येथे काही काळ कार्य केल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागल्या. ताड व शिंदीच्या झाडांपासून मिळणाऱ्या ताज्या गोड रसाला नीरा म्हणतात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे संशोधन हाती घेतले. तिच्यात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. अन्नातील भेसळीविरुद्धही त्यांनी लोकांना जागे केले.

१९९८ साली त्यांचे निधन झाले. जिने स्वतः दारापाशी अडवणूक सोसली, तिने इतरांसाठी ज्ञानाची वाट मोकळी केली आणि त्या ज्ञानाचे फळ भुकेल्या बालकांपर्यंत पोहोचवले. विद्येचे खरे सार्थक यातच आहे.