विश्लेषण : गांजाचे औषध पाश्चात्त्य वैद्यकात नेणारे डॉ. ओशॉनेसी कोण होते? रजोनिवृत्तीतील उपचारांशी त्यांचा काय संबंध?

रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून अचानक गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, घाम फुटणे, रात्री झोप न लागणे आणि सांधे दुखणे या तक्रारी अनेक महिलांना असतात. निद्रानाश आणि दुखण्यावर ‘विजया’ म्हणजे भांग-गांजाच्या अर्काचे तेल, थेंब व गोळ्या आता ऑनलाइनही मिळतात. मात्र हा उपाय आजचा नाही. त्याची शास्त्रीय तपासणी पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात झाली. ती करणारे डॉ. विल्यम ब्रूक ओशॉनेसी भारतात ओळखले जातात ते मात्र तारखात्यासाठी.

कॉलऱ्यापासून सुरुवात

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केल्यानंतर १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची साथ आली. त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी आणि क्षार कमी झाल्याचे त्यांना आढळले. ते थेट शिरेतून परत द्यावेत, अशी सूचना त्यांनी केली, तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. १८३२ मध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी ती अमलात आणली. आजच्या सलाइनचे मूळ तिथे आहे.

गांजाकडे कसे वळले?

१८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल होऊन ते बंगालमध्ये आले. १८३५ मध्ये सुरू झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात ते रसायनशास्त्र आणि औषधशास्त्र शिकवू लागले. येथे भांग, गांजा आणि चरस बाजारात सहज मिळत आणि वैद्य-हकिमांच्या औषधांतही असत. ओशॉनेसी यांनी हे ज्ञान अडाणीपणा म्हणून झटकले नाही. त्यांनी संस्कृत पंडितांना आणि फारसी-अरबी ग्रंथांच्या जाणकारांना विचारून जुने उल्लेख गोळा केले, मग प्रयोग सुरू केले.

प्रयोगांत काय आढळले?

आधी प्राण्यांवर चाचणी झाली. कुत्रे, मांजरी, डुकरे, गिधाडे आणि कावळ्यांना लवकर नशा चढली. घोडा, गाय, शेळी आणि मेंढीवर मात्र किरकोळ परिणाम दिसला. त्यानंतर अल्प मात्रेत रुग्णांना औषध दिले गेले. संधिवात, धनुर्वात, कॉलरा आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतरचा रेबीज अशा आजारांत त्यांनी ते वापरून पाहिले. आचके येणाऱ्या ४० दिवसांच्या एका बाळालाही ते दिले आणि ते बाळ बरे झाले. रेबीजचा रुग्ण वाचला नाही, पण त्याच्या शेवटच्या दिवसांतील यातना कमी झाल्या. रोग बरा होत नसला तरी त्रास कमी करता येतो, हा यातील महत्त्वाचा धडा होता. १८३९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष बंगालच्या वैद्यकीय संस्थेपुढे मांडले. सततच्या सेवनाने होणाऱ्या भ्रमाची नोंदही त्यांनी केली आणि मात्रा कमी ठेवण्यावर भर दिला.

महिला आणि ज्येष्ठांपर्यंत औषध कसे पोहोचले?

१८४०च्या दशकाच्या सुरुवातीला रजेवर मायदेशी जाताना त्यांनी गांजा सोबत नेला. लंडनचे औषध निर्माते पीटर स्क्वायर यांनी त्याचा अर्क तयार केला आणि हे औषध ब्रिटिश डॉक्टरांच्या हाती आले. १८८३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन डॉक्टरांनी पाळीतील अतिरक्तस्रावावर त्याचा उपयोग झाल्याचे लिहिले. पाळी जाण्याच्या वयात हीच तक्रार वारंवार आढळते. १८९० मध्ये राजघराण्याचे वैद्य जे. रसेल रेनॉल्ड्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये उतारवयातील निद्रानाशासाठी ते उपयुक्त असल्याचे नोंदवले. राणी व्हिक्टोरिया यांनी ते घेतल्याची कथा वारंवार सांगितली जाते, पण तिला थेट पुरावा नाही.

तारखात्याचे प्रमुख

ओशॉनेसी भारतात परतले आणि विजेच्या तारेकडे वळले. याचे पहिले प्रयोग त्यांनी १८३९ मध्येच केले होते. लॉर्ड डलहौसी यांनी त्यांच्यावर तारखात्याची जबाबदारी सोपवली. १८५५ पर्यंत कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले. १८५६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला गेले आणि जानेवारी १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

औषध मागे का पडले?

गांजाचा अर्क पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो मॉर्फिनसारखा टोचता येत नव्हता. प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी असे. एकीने काहीच होत नसे, तर दुसरीने रुग्ण बेभान होई. पुढे अ‍ॅस्पिरिनसारखी ठरावीक मात्रेची औषधे आली. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून गांजा वगळण्यात आला. त्यातील नशा आणणारा ‘टीएचसी’ हा घटक शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला तो १९६४ मध्ये.

आज काय स्थिती आहे?

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजा आणि चरसवर बंदी आहे. वैद्यकीय वापराला परवानगीच्या चौकटीत वाव आहे. फुलोरा वगळून केवळ पाने व बिया ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत. भांग असलेली आयुर्वेदिक औषधे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

रजोनिवृत्तीतील गरम वाफांसाठी पुरावा मात्र अपुरा आहे. अमेरिकेतील ‘द मेनोपॉज सोसायटी’ने २०२३ च्या मार्गदर्शनात यासाठी गांजातील घटकांची शिफारस केलेली नाही. उतारवयात चक्कर, तोल जाऊन पडणे आणि हृदयाचे ठोके वाढणे हे धोके असतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा किंवा झोपेच्या औषधांचा परिणाम त्यामुळे वाढू शकतो. त्यामुळे बाटली मागवण्याआधी सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर कोणत्याही तेलाने तो दाबू नये. त्याची तपासणी त्वरित करून घ्यावी.