विश्लेषण : औट्रम घाटातला ‘औट्रम’ कोण? यावलच्या रानापासून लखनऊच्या भुयारांपर्यंतची कहाणी

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट खानदेशात ठाऊक नाही असा माणूस विरळाच. कधी अवजड वाहनांची कोंडी, कधी पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, तर कधी प्रस्तावित बोगद्याची चर्चा, यामुळे हे नाव सतत बातम्यांत असते. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस दरडी कोसळून हा घाट बंद पडला, तेव्हा तर ते राज्यभर पोहोचले. पण ज्याचे हे नाव, तो जेम्स औट्रम कोण होता? खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा, यावल-सावद्यात धरपकड करणारा हा इंग्रज अधिकारी १८५७ मध्ये लखनऊच्या खंदकांत आणि भुयारांत कसा अडकला? त्याचा हा प्रवास समजून घेऊ.

औट्रम खानदेशात कसा आला?

जेम्स औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटर्ली हॉल येथे झाला. वडील बेंजामिन औट्रम हे नामांकित अभियंते. कालवे आणि मालवाहू रुळमार्ग बांधणे हा त्यांचा व्यवसाय. म्हणजे जमीन खोदण्याचे काम घरातलेच होते. मात्र १८०५ मध्ये वडील वारले आणि कुटुंबाची आर्थिक घडी विस्कटली. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडला गेली. तिथे शिक्षण झाल्यावर १८१९ मध्ये, वयाच्या अवघ्या १६व्या वर्षी, जेम्स कंपनी सरकारच्या लष्करात भरती होऊन मुंबईत उतरला.

त्याच्या आधीच्याच वर्षी, १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला होता. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांची लूटमार आणि १८०३-०४चा भीषण दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड झाला होता. या धामधुमीत भिल्लांचे मोठे नुकसान झाले. गावाची राखण आणि घाटवाटांचा बंदोबस्त हे त्यांचे पिढीजात काम. त्याबद्दल मिळणारे हक्क बंद पडले. पोट भरण्याचा मार्गच बुडाल्यावर अनेक नाईक आपापली माणसे घेऊन सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांत शिरले. तिथून ते खाली उतरत आणि गावे लुटत.

इंग्रजांनी आधी फौजा पाठवून पाहिल्या. शिपाई डोंगरात शिरले की हिवतापाने आजारी पडत आणि भिल्ल पुढच्या डोंगरात निघून जात. अखेर मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. नाईकांना तनखे, शेतीसाठी जमीन आणि तगाई, जुन्या गुन्ह्यांची माफी आणि भिल्लांचीच एक पलटण, असा तो बेत होता. १८२५ मध्ये त्यासाठी तीन विभाग झाले. कन्नड भागात मेजर ओव्हन्स, नंदुरबारकडे कॅप्टन रिग्बी आणि पलटण उभारण्यासाठी २२ वर्षांचा लेफ्टनंट औट्रम.

भिल्ल पलटण कशी उभी राहिली?

सुरुवात बळाच्या वापरानेच झाली. औट्रमने भिल्लांच्या वस्तीवर छापा घातला आणि काही जणांना पकडले. पण त्यानंतरचे त्याचे वागणे वेगळे होते. पकडलेल्यांपैकी काहींना सोडून त्याने त्यांच्याकरवी डोंगरात निरोप धाडले. तो स्वतः पहाऱ्याशिवाय त्यांच्यात जाऊन राहू लागला. त्यांच्यासोबत शिकार केली, त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ऐकून घेतले. पलटणीची सुरुवात झाली ती फक्त ९ माणसांनी. तेच त्याचे अंगरक्षक.

पुढे ही तुकडी मालेगावच्या छावणीत आली. उच्चवर्णीय शिपाई आपल्याला कसे वागवतील, ही धास्ती भिल्ल जवानांच्या मनात होती. मात्र औट्रमच्या जुन्या पलटणीतील शिपायांनी त्यांना जवळ बसवून पान-सुपारी दिली. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर भरती वाढत गेली आणि काही वर्षांत पलटण शेकड्यांत पोहोचली. धरणगाव हे तिचे मुख्य ठाणे झाले.

खानदेशातील दहा वर्षांत औट्रमने मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या घरात जाते. तेव्हा त्याचे कौतुक झाले. आज सातपुड्यात वाघाचा माग शोधणाऱ्यांना हा आकडा अंगावर काटा आणेल.

यावलमध्ये काय घडले?

भिल्ल पलटणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भिल्लांना रोजगार आणि मान देणारी हीच पलटण इतर भिल्लांना वठणीवर आणण्यासाठी वापरली जात होती. १८३० मध्ये औट्रमने तिच्या मदतीने डांगवर स्वारी केली.

पाठोपाठ १८३१ मध्ये यावल आणि सावदा भागात पडत असलेल्या दरोड्यांचा छडा लावण्याचे काम त्याच्याकडे आले. मोजकी माणसे घेऊन त्याने या पट्ट्यात ४६९ संशयितांना पकडले. त्यातील १५८ जणांवर खटले भरण्यात आले. उरलेल्या तीनशेहून अधिक लोकांवर खटला भरण्याइतकेही काही हाती नव्हते. सरकारदरबारी या कामगिरीची वाहवा झाली. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून, घराघरांतून माणसे उचलली गेली, तेव्हा मागे राहिलेल्यांवर काय गुजरली, याची नोंद त्या कागदांत नाही.

सिंधला विरोध, बडोद्यात ‘खटपट’

१८३५ मध्ये औट्रम खानदेशातून गुजरातेत महिकांठ्यात गेला. १८३९च्या अफगाण मोहिमेत तो होता. कलात पडल्यावर स्थानिक वेश करून त्याने शत्रूच्या मुलखातून सोनमियानी बंदरापर्यंत आठ दिवसांत घोडदौड केली.

फेब्रुवारी १८४३ मध्ये सिंधमधील हैदराबादची रेसिडेन्सी त्याने मूठभर सैन्यानिशी हजारो बलुची सैनिकांविरुद्ध काही तास लढवली. पण लढाई संपल्यावर सेनापती चार्ल्स नेपियर यांच्याशी त्याचे कायमचे बिनसले. सिंधच्या अमिरांवर अन्याय झाला, त्यांचे राज्य घेण्याचे कारण नव्हते, असे त्याचे ठाम मत होते. लुटीतील सुमारे तीन हजार पौंडांचा आपला वाटा त्याने स्वतःकडे ठेवला नाही, धर्मादाय कामांना देऊन टाकला.

१८४४ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडीत गडकऱ्यांचे बंड पेटले. तेव्हा सामानगड, पन्हाळा आणि मनोहरगडाच्या मोहिमांत तो होता. त्यानंतर काही काळ साताऱ्याचा आणि मग बडोद्याचा रेसिडेंट. बडोद्यात त्याने दरबार आणि मुंबईतील लोक यांच्यातील लाचखोरीवर १८५१ मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. या वशिलेबाजीला लोक ‘खटपट’ म्हणत. हा आपला शब्द त्या वादामुळे थेट इंग्रजी सरकारी दप्तरात गेला. अहवाल झोंबला आणि मुंबई सरकारने औट्रमलाच पदावरून हटवले. नंतर गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी त्याला पुन्हा बडोद्याला पाठवले.

मग अवधचे काय झाले?

इथे कहाणीला वळण मिळते. डिसेंबर १८५४ मध्ये औट्रम लखनऊचा रेसिडेंट झाला. अवधचा कारभार बिघडला आहे, असा अहवाल त्याने दिला. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शहा यांना गादी सोडण्याचा हुकूम सुनावण्याचे काम औट्रमनेच केले. सिंधच्या वेळी जो माणूस आपल्याच सरकारविरुद्ध बोलला, तो इथे हुकमाचा ताबेदार राहिला.

राज्य गेले तसे नवाबाचे सैन्य मोडीत निघाले, हजारो शिपाई घरी बसले. नव्या महसूल व्यवस्थेत तालुकदारांची गावे हातची गेली. खानदेशात १८१८ नंतर जे घडले, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडत होते. १८५७ मध्ये त्याचा भडका उडाला. औट्रम त्या वेळी इराणच्या मोहिमेवर होता. तिथून तो परतला, तेव्हा लखनऊची रेसिडेन्सी, म्हणजे त्याचेच जुने निवासस्थान, वेढ्यात सापडली होती.

जमिनीखालचे युद्ध कसे चालले?

२५ सप्टेंबर १८५७ रोजी औट्रम आणि हेन्री हॅवलॉक यांचे सैन्य गल्लीबोळांतून लढत रेसिडेन्सीत शिरले. औट्रम पदाने मोठा असूनही त्याने वेढा फोडण्याचा मान हॅवलॉकला दिला आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून घोड्यावर बसला. त्याच्या दंडात गोळी लागली. त्या एका दिवसात पाचशेहून अधिक सैनिक मेले वा जखमी झाले. सुटका करायला आलेली फौज आत शिरली खरी, पण बाहेर पडण्याइतके बळ उरले नाही. तीही वेढ्यात अडकली. पुढचे सुमारे साडेसात आठवडे औट्रम तिथेच होता.

आत बायका-मुले तळघरांत राहत होती आणि सैनिक मातीच्या आडोशामागे. खरी लढाई मात्र जमिनीच्या पोटात चालू होती. तिचे तंत्र असे :

• बाहेरचे सैनिक भुयार खणत भिंतीखाली येत, तिथे दारू ठासून स्फोट घडवत. या कामात अवधमधील पासी समाजाची माणसे वाकबगार होती.

• आतले लोक उभे खड्डे घेऊन खाली उतरत आणि जमिनीला कान लावून कुदळीचा आवाज ऐकत.

• आवाज जवळ आला की त्या दिशेने उलटे भुयार काढून समोरचे भुयार उडवले जाई किंवा त्यात घुसून ते ताब्यात घेतले जाई. इंग्रजांच्या ३२व्या पलटणीत कॉर्नवॉल भागातले खाणकामगार होते. हे काम त्यांच्या हातचे होते.

औट्रमने नंतर दिलेल्या हिशेबानुसार, त्याच्या माणसांनी २१ उभे खड्डे आणि ३,२९१ फूट लांबीची, म्हणजे सुमारे एक किलोमीटर, भुयारे खणली. समोरून २० भुयारे आली. त्यांपैकी तीन स्फोटांत माणसे मेली, ७ भुयारे आधीच उडवली गेली. कान लावून बसणाऱ्यांत कॅव्हेना नावाचा एक कारकून होता. ९ नोव्हेंबरच्या रात्री वेश बदलून, कनौजी लाल या वाटाड्यासोबत तो बाहेर पडला आणि कॉलिन कॅम्पबेल यांच्या फौजेला वाट दाखवायला गेला. १७ नोव्हेंबरला सुटका झाली. आठवडाभरातच हॅवलॉक आजाराने दगावला.

‘डगआऊट’शी याचा संबंध काय?

आयपीएल पाहणाऱ्यांना डगआऊट म्हणजे खेळाडूंची बसायची जागा एवढेच ठाऊक असते. हा शब्द बेसबॉलमधून आला. तिथे मागच्या प्रेक्षकांना मैदान दिसावे म्हणून खेळाडूंचा बाक जमिनीच्या पातळीखाली खोदून केलेला असतो. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात नव्याने वस्ती करणारे शेतकरीही लाकूड मिळत नसल्याने टेकाडाच्या उतारात खोदलेल्या घरांत राहत. त्यांनाही हेच नाव. पहिल्या महायुद्धात हा शब्द खंदकातील निवाऱ्याला चिकटला. जून १९१७ मध्ये बेल्जियममधील मेसिन येथे जमिनीखालून एकापाठोपाठ १९ प्रचंड स्फोट घडवण्यात आले. ते तंत्र लखनऊचेच, फक्त अधिक भयंकर. सैन्यात हे खोदकाम करणाऱ्यांना मराठीत ‘सफरमैना’ म्हणतात. खडकीच्या सफरमैना तुकड्या १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या होत्या.

आलमबागेत काय झाले?

रेसिडेन्सी रिकामी केल्यावर लखनऊच्या वेशीवरील आलमबाग धरून ठेवण्यासाठी औट्रमला सुमारे ४ हजार माणसांसह मागे ठेवण्यात आले. खंदक, मातीचे तोफमोर्चे आणि वाटेत आडवी टाकलेली झाडे यांच्या आधाराने तो तीन महिन्यांहून अधिक काळ तिथे टिकला. समोर बेगम हजरत महल आणि मौलवी अहमदउल्ला शाह यांचे सैन्य होते. हेरांच्या अंदाजानुसार ते लाखाच्या आसपास होते. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनऊ जिंकले.

त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी अवधमधील बहुतेक जमीनदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला. औट्रमने त्याला विरोध केला. जमीन गेली तर हे लोक शरण येणार नाहीत, रानात शिरून लढत राहतील, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे जाहीरनाम्यात सवलतीचा मजकूर घालावा लागला. हक्क बुडाले की माणूस डोंगर जवळ करतो, हे त्याने ३३ वर्षांपूर्वी खानदेशात पाहिले होते. फरक इतकाच की, अवधमध्ये तो हे बोलला ते हजारो माणसे मेल्यानंतर.

खानदेशात पुढे काय घडले?

इथला प्रश्नही सुटला नव्हता. १८५७ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. औट्रमने उभारलेली भिल्ल पलटण मात्र इंग्रजांच्याच बाजूने राहिली. १८९१ मध्ये ती पोलिस दलात विलीन झाली.

औट्रम १८६० मध्ये मायदेशी परतला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला पुरण्यात आले. तिथल्या स्मारकावर त्याच्या अर्धपुतळ्याच्या दोन बाजूंना दोन माणसे कोरली आहेत. एक बलुची आणि एक भिल्ल. औट्रमचे नाव दगडावर आहे आणि आपल्या घाटालाही आहे. त्या भिल्लाचे नाव मात्र कुठेच नाही.