टिळकांची ओवी



रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हेत. तरी मराठीत प्रभूचे गुणगान करणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे, म्हणून आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

१८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. संस्कृतचा व्यासंग दांडगा. साहजिकच सुरुवातीची कविता जुन्या वळणाची, संस्कृत वृत्तांत बांधलेली, विद्वानांनी मान डोलवावी अशी. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. घरदार तुटले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दूर राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी मंडळीत परक्या चालींवरची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांना ती रुचेनात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणारा हा माणूस अभंगाकडे वळला. शंभराहून अधिक ख्रिस्ती गीते त्यांनी दिली.

पण अभंग ही भक्ताची स्वतःची हाक. प्रभूचे सगळे चरित्र सांगायचे तर कथा पुढे नेणारा छंद हवा. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा सत्य युक्तिवादाने सिद्ध करण्याची आम्हाला भारी हौस होती! टिळक तर पंडित, वाद घालणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी गोष्ट सांगायचे ठरवले, तीही ओवीत. जी ओवी ज्ञानेश्वरांनी वापरली, जात्यावर बायका गात असत, जिच्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोमंतकात ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली छापले, तीच. वृत्ताचा डौल सोडून कानाला कळेल असे लिहिणे सोपे नाही. विद्वानाला तर नाहीच. आम्हाला त्यांचा मोठेपणा इथे दिसतो.

‘ख्रिस्तायन’ हाती घेतले तेव्हा आयुष्याची थोडीच वर्षे उरली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढची कथा लक्ष्मीबाईंनी हाती घेतली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर अक्षरे शिकल्या होत्या. पतीच्याच ओवीत त्यांनी साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ १९३८ साली छापून निघाला, तेव्हा तो पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.